कूस आणि पिशवी

बीड जिल्ह्यात माणसं कोयत्यांत मोजतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम ऊसतोडीची टोळी बांधतो आणि ‘माझ्याकडं दहा कोयते’ असं सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वीस माणसं कळतात. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकटा गडी निघाला तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, टनाचा हिशेब कोयत्याचा होतो, दिवस बुडाला तर तोही कोयत्याच्याच खात्यावर लागतो. अवजाराचं नाव माणसाला लागणं भाषेला नवं नाही. पण इथं एका अवजाराच्या नावात एक अख्खं जोडपं मावतं, आणि त्यातली बाई तर वेगळी दिसतही नाही.

शब्द तसा जुना आणि दक्षिणेकडचा. कन्नडात ‘कोय्’ म्हणजे कापणं, तेलुगूत ‘कोयु’, मलयाळममध्ये ‘कोय्युक’. त्या मलयाळम धातूपासूनच ‘कोय्त्तु’ हा शब्द झाला, आणि त्याचा अर्थ भाताची कापणी. कापणीच्या गाण्यांना तिकडं ‘कोय्त्तुपाट्टु’ म्हणतात. मराठी कोयता याच कुळातला. केरळात हा धातू पिकाच्या घरी येण्याशी जोडला गेला. आपल्याकडं तो हातातल्या पात्याशी जोडला गेला आणि तिथून पातं चालवणाऱ्या माणसांवर जाऊन बसला.

फडात तो कसा चालतो हे पाहिलं की शब्दाचं वजन कळतं. ऊस बुडख्याला जमिनीलगत तोडायचा, अंगावरचं पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं छाटायचं, त्याच वाढ्याचा पीळ घालून मोळी आवळायची. तोडणं बहुतेक गड्याकडं. सोलणं, गोळा करणं, मोळी बांधणं बाईकडं. मग तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढत जायचं. ट्रक कधी मध्यरात्री येतो, कधी पहाटे. पोटुशी बाईही त्या फळीवरून चढते, बाळंतीण काही दिवसांत पुन्हा चढते. अर्ध्याहून अधिक काम जिच्या अंगावर, तिचं नाव हिशेबाच्या वहीत सहसा नसतं. उचलीची रक्कम बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते; फेड मात्र दोघांच्या अंगातून निघते.

इथं मलयाळम साहित्याकडं वळायला कारण आहे. बाई आणि निसर्ग यांच्या नात्याविषयी तिकडच्या लेखिकांनी कथेतून सलग विचार केला. १९९० साली सारा जोसेफ यांचा ‘पापत्तरा’ हा कथासंग्रह आला. कवी के. सच्चिदानंदन यांनी त्याच्या प्रस्तावनेत ‘पेण्णेळुत्तु’, म्हणजे बाईचं लिहिणं, हा शब्द वापरला आणि तो मलयाळम समीक्षेत रुजला. संग्रहाची शीर्षककथा जन्मताच मारल्या जाणाऱ्या मुलींची आहे. पुढं सारा जोसेफ यांनी रामायणावर कथा लिहिल्या. ‘अशोका’मध्ये सीता आहे, ‘ताय्कुलम’मध्ये शूर्पणखा, तिचं अरण्य आणि तिचं मातृकुळ आहे. बीडच्या वाचकाला ‘पापत्तरा’ परकी वाटणार नाही. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलांमागं या जिल्ह्यात ८०७ मुली होत्या, महाराष्ट्रात सर्वांत कमी.

‘इको-फेमिनिझम’ ही संज्ञा फ्रान्स्वाझ दोबोन या फ्रेंच लेखिकेनं १९७४ साली वापरली. निसर्गावरची सत्ता आणि बाईवरची सत्ता ही एकाच हाताची दोन कामं आहेत, हा त्या विचाराचा गाभा. मराठीत याला परिसर-स्त्रीवाद म्हणतात. पण हा विचार पुस्तकातून शिकण्याआधी आपल्या बोलीत तो किती मुरलेला आहे, आणि किती वेगवेगळ्या दिशांनी मुरलेला आहे, हे एकेक शब्द हातात घेऊन पाहण्यासारखं आहे.

सुरुवात ‘शेत’पासून करू. संस्कृत क्षेत्र, प्राकृतात छेत्त, मराठीत शेत. म्हणजे शेत आणि क्षेत्र हे एकाच शब्दाचे दोन अवतार. एक बोलीतून घासत आला, दुसरा पोथीतून जसाच्या तसा. सातबाऱ्यावर आजही ‘क्षेत्र’ असा रकाना असतो आणि त्यात हेक्टर-आर लिहितात. धर्मशास्त्रात मात्र ‘क्षेत्र’ या शब्दाला आणखी एक अर्थ होता: बायको. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बाई हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज, अशी मांडणी करून पीक कोणाचं याची चर्चा केली आहे. शेत ज्याचं तो ‘क्षेत्रिक’. दुसऱ्याकडून झालेला पण नवऱ्याच्या हक्काचा मुलगा ‘क्षेत्रज’. शेतीच्या मालकीचा कायदा आणि बाईच्या शरीराचा कायदा एकाच शब्दसंग्रहात लिहिला गेला.

लीला दुबे या मराठी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८६ साली ‘सीड अँड अर्थ’ या निबंधात ही गाठ उकलून दाखवली. बी पुरुषाचं, जमीन बाईची, असं म्हटलं की जमीन फक्त धारण करते, पोसते, आणि पीक बी टाकणाऱ्याचं ठरतं. मूल कोणाचं, वंश कोणाचा, घर कोणाचं, शेत कोणाचं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या एका उपमेतून आधीच दिलेली असतात. आपण ‘काळी आई’ म्हणतो तेव्हा त्यात खरी माया असते, यात शंका नाही. पण आईच्या नावानं सातबारा नसतो. मायेचा शब्द आणि मालकीचा कागद गावोगावी अजून वेगळे आहेत.

याच काळीचा जोड-शब्द ‘पांढरी’. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. राख-शेण-भिंतींच्या मातीनं जुनी वस्ती पांढरट झालेली असते, म्हणून पांढरी. माहेरची पांढरी सोडून सासरच्या पांढरीत आलेली बाई दोन्हीकडच्या काळीत राबते आणि दोन्हीकडं पाहुणीच राहते.

शेताशी जोडलेलं बाईचं सर्वांत जुनं नाव आपल्याला रोज ऐकू येतं, पण त्याचा अर्थ आपण विसरलो आहोत. सीता म्हणजे नांगराचं तास. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या सत्तावन्नाव्या सूक्तात सीतेला हाक मारली आहे ती जमिनीवर ओढलेल्या रेघेला, पीक देणाऱ्या देवतेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेती पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम ‘सीताध्यक्ष’ आहे. रामायणातली सीता नांगराच्या तासात सापडली आणि शेवटी जमिनीत गेली, हे त्या नावातच लिहिलेलं होतं. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर सीताफळ चांगलं येतं, आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हे झाड मूळचं अमेरिकेकडचं, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडं आलेलं. पण कमी पाण्यावर, कमी मातीवर जगून गोड फळ देणाऱ्या या झाडाला आपण सीतेचं नाव दिलं.

सीतेचं हे शेतकी नाव आधुनिक महाराष्ट्रात ज्यांनी पुन्हा वापरात आणलं ते शेतकरी नेते शरद जोशी. १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली: शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा. १९९१ साली त्यांनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला आणि त्यातल्या पहिल्या अंगाला नाव दिलं ‘सीताशेती’, म्हणजे बाईच्या हातानं, घरच्या बियाण्या-खतावर चालणारी शेती. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला एकट्या सीतेचं देऊळ आहे. त्याचा जीर्णोद्धारही त्यांच्याच पुढाकारानं झाला. टाकलेल्या सीतेनं मुलांसाठी गहू मागितला आणि गावानं तो दिला नाही, अशी तिथली कथा सांगतात. तासातून निघालेल्या बाईला गावानं पसाभर धान्य नाकारलं, एवढं त्या कथेचं सार. लक्ष्मीमुक्तीमागचा विचार हाच होता: पूजेनं भागत नाही, नाव कागदावर लागलं पाहिजे.

आता शेताचं दुसरं नाव घेऊ. मराठवाड्यातली बाई ‘शेतात जाते’ असं फारसं म्हणत नाही. ती ‘रानात जाते’ म्हणते. संस्कृत अरण्य, प्राकृतात रण्ण, मराठीत रान. नांगरून, पेरून, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीलाही बोलीनं अरण्याचंच नाव ठेवलं आहे. हे नुसतं जुनं नाव टिकून राहिलं असं नाही. बाईच्या कामात त्याला अजून अर्थ आहे. क्षेत्र या शब्दात एकच पीक दिसतं आणि त्याचा एक मालक. रान म्हटलं की पिकाबरोबर बांध येतो, बांधावरची बोर-बाभूळ येते, सरपण येतं, शेळीचा पाला येतो, आणि मधेमधे आपोआप उगवलेलं बरंच काही येतं.

आपोआप उगवलेल्याला ‘तण’ म्हणतात. तृण या संस्कृत शब्दाचं प्राकृत रूप तण. मूळ अर्थ नुसतं गवत. पिकाच्या मुळावर येणारं ते तण, हा अर्थ शेतीनं घातला. खुरपं घेऊन ओळीनं सरकणाऱ्या बाया पाहाव्यात. डाव्या हातानं झाड धरायचं, उजव्या हातानं मुळाशी खुरप्याचा एक हलका झटका. लव्हाळा, हराळी निघाली की बांधावर. तांदुळजा निघाला की पदराच्या ओट्यात. घोळ, पाथरी, कुर्डू, आघाड्याची कोवळी पानं, सगळं ओट्यात. त्याच एका हालचालीत पीक खुरपून होतं आणि संध्याकाळची भाजी निघते. यातलं तण कोणतं आणि भाजी कोणती हे ती न थांबता, न विचारता ठरवते. ही निवड सासूकडून, आईकडून, जावेकडून तिच्या हाताला आलेली असते.

‘तणनाशक’ हा शब्द रानात आला आणि ही निवड संपली. औषध फवारलं की तांदुळजाही तण आणि पाथरीही तण. खुरपणीचा रोज वाचतो, हे खरं. जमीनमालकाच्या दृष्टीनं ते मोलाचंही आहे. पण तो रोज बाईचा होता, आणि भाजीही तिचीच होती. एका शब्दानं तिची मजुरी, तिच्या ताटातलं पालेभाजीचं सत्त्व आणि तिची ओळखण्याची विद्या, तिन्ही एकदम गेली.

म्हणून मला अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांचं म्हणणं पटतं. बाई मुळातच निसर्गाच्या जवळ असते, तिच्या स्वभावात माती आहे, असं म्हणण्यात एक सापळा आहे. मग तिला तिथंच ठेवणं सोपं जातं. १९९२ साली लिहिलेल्या निबंधात अगरवाल यांनी सांगितलं की हे नातं स्वभावाचं नसून कामाचं आहे. जी सरपण आणते तिला झाड तुटल्याचं आधी कळतं, जी पाणी भरते तिला विहीर आटल्याचं आधी कळतं. जमीन कोणाकडं आहे, काम कोण करतं, यावर निसर्गाशी असलेलं नातं ठरतं. बीडच्या बोलीतला पुरावा त्यांच्या बाजूनं पडतो. बायांचे शेतीविषयीचे शब्द भक्तीतून थोडे आणि खुरप्यातून जास्त आलेले आहेत.

तरीही, काम करता करता त्या शब्दांत शरीर शिरलं, हेही तितकंच खरं. रब्बीची ज्वारी पाहा. कणीस अजून पानांच्या आवरणात आहे, ताट वरच्या बाजूला फुगलं आहे, अशा वेळी म्हणतात, ज्वारी पोटऱ्यात आली. पोटरी हा शब्द पोटावरून आला. कृषी खात्याची पत्रकंही ‘पोटरी अवस्था’ असंच लिहितात आणि त्या वेळी पाणी चुकवू नका असं बजावतात. मग कणीस बाहेर पडतं, ज्वारी निसवते. मग दाण्यात दूध भरतं, ज्वारी चिकात येते. मग हुरडा. पोट, दूध, चीक: पिकाची वाढ सांगताना बोलीनं गरोदरपणाची आणि बाळंतपणाची भाषा सहज वापरली आहे.

या भाषेचा एक सणही आहे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-धाराशिवात आणि बीडच्या त्या बाजूला लागलेल्या पट्ट्यात वेळा अमावास्या असते, बोलीत ‘येळवस’. कन्नडातल्या ‘एळ्ळ अमावास्ये’वरून हा शब्द आला, एळ्ळु म्हणजे तीळ. अख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोप उभारतात, पांडव मांडून पूजा होते, भज्जी आणि आंबिलाचं जेवण होतं, रानात चर शिंपतात. सीमेपलीकडं कर्नाटकात याचा अर्थ स्पष्टच सांगतात: भुई गरोदर आहे, हे तिचं डोहाळजेवण. उभं पीक पोटऱ्यात येण्याचे हेच दिवस.

या सणातला ‘कोप’ हा शब्द पुन्हा ऐकावा लागतो, वेगळ्या जागी. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब कारखान्याच्या माळावर बांबू, पाचट आणि ताडपत्रीची जी खोपटी बांधतं तिला म्हणतात ‘कोपी’. येळवस येते डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात, आणि गळीत हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. म्हणजे गावाकडं भुईच्या डोहाळजेवणासाठी कोप उभारली जाते तेव्हा गावातली पोटुशी बाई कुठंतरी सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात, कोपीत राहून मोळ्या वाहत असते. भुईला त्या दिवशी आंबील मिळतं. तिला कोण विचारतं?

आता या सगळ्या शब्दांतला सर्वांत महत्त्वाचा शब्द: पाळी. संस्कृतात पालि म्हणजे ओळ, रांग, कड. ओळीत आपला क्रम आला म्हणजे आपली पाळी. त्यावरून आळीपाळी, रात्रपाळी. धरणाचं पाणी कालव्यात सुटतं तेही पाळीनं. माजलगाव धरणाच्या कालव्यावरचा शेतकरी उन्हाळी पाळीची वाट पाहतो. पेरणीआधी कुळव किंवा वखर फिरवतात, त्याला म्हणतात ‘पाळी घालणं’. एक पाळी, दोन पाळ्या. आणि बाईला महिन्याला येते तीही पाळी. पाळी म्हणजे क्रमानं, ठरल्या वेळी, परत येणारी गोष्ट. जमिनीचा, पाण्याचा आणि शरीराचा फेरा बोलीनं एका शब्दात ठेवला. त्यात लाज नाही, विटाळ नाही. विटाळाचे शब्द वेगळे आहेत आणि ते बाहेरून लादलेले आहेत. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी आपल्या शिष्यांना सांगितलं होतं की शरीराच्या इतर द्वारांतून जसं काही बाहेर पडतं तसंच हे, त्यात शिवण्या-न शिवण्यासारखं काही नाही. ‘पाळी’ हा शब्द त्या सरळ नजरेचा आहे.

फेऱ्यात विसावा असतो, हेही बोलीला ठाऊक होतं. जमीन एक हंगाम रिकामी ठेवली की म्हणायचं ‘पड टाकली’. केरळात मलबारकडं मकर महिन्याच्या शेवटी ‘उच्चारल’ पाळतात. भूमिदेवीची ती पाळी समजतात आणि त्या दिवसांत जमिनीला हत्यार लावत नाहीत. तुळुनाडात हाच सण ‘केड्डसा’. आपल्याकडं भुईची पाळी असा सण नाही, पण नागपंचमी आहे. त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही. आणि त्याच नियमात घरात चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. नांगराला सुट्टी आणि विळीला सुट्टी एकाच दिवशी. बाया वारुळाला जातात. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी १९७८च्या ‘लज्जागौरी’त दाखवलं आहे की वारूळ हे भूमीच्या गर्भाचं रूप मानलं गेलं, आणि रेणुकेचं नावही रेणूशी, मातीच्या कणाशी नातं सांगतं. देवतेला विसावा मिळाला की बाईलाही मिळतो, ही त्या नियमातली सुज्ञ गोष्ट.

उसाच्या फडात पडीचा शब्द नाही. तिथला शब्द आहे ‘खाडा’. खाडा म्हणजे खंड, चुकलेला दिवस. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. ताप असो, बाळंतपण असो, पाळी असो, खाड्याला कारण लागत नाही. पाळी आणि खाडा हे दोन शब्द समोरासमोर ठेवले की बीडची सगळी गोष्ट कळते. एक शब्द म्हणतो, फेरा आहे, थांब. दुसरा म्हणतो, थांबलीस की दंड. फडात आंघोळीला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, संडास नाही. अंगावरून जाणं वाढतं, ओटीपोट दुखतं, आणि दवाखान्यात गेलं की उत्तर तयार असतं: पिशवी काढून टाका.

या ‘पिशवी’पाशी मला थांबायचं आहे. गर्भाशयाला मराठीचा आपला जुना शब्द ‘कूस’. संस्कृत कुक्षि, प्राकृतात कुच्छि, मराठीत कूस. या शब्दाचा अर्थ पोटाच्या आत आहे तसा शरीराच्या बाजूलाही आहे. म्हणून आपण कुशीवर वळतो, मूल कुशीत घेतो, आणि गाव डोंगराच्या कुशीत असतं. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या कुशीतूनच निघते. बाईला मूल झालं की म्हणायचं, कूस उजवली. संस्कृत ‘गर्भाशय’ हाही नुसता भांड्याचा शब्द नाही. आशय म्हणजे जिथं काही निजतं, विसावतं ती जागा. जलाशयातही तोच आशय. कूस ही जागा आहे. ती डोंगराला असते, नदीला असते, बाईला असते, आणि मूल नसलेल्या बाईलाही असते. कुशीत घ्यायला बाळंतपण लागत नाही.

पिशवी ही वस्तू आहे. ती भरते, रिकामी होते, फाटते, आणि काम संपलं की टाकून देता येते. समजायला सोपा म्हणून हा शब्द दवाखान्यात रुळला असेल. कोणी वाईट हेतूनं तो आणला असं मी म्हणत नाही. पण शब्दानं वाट सोपी केली. ‘कूस काढून टाका’ असं मराठीत म्हणताच येत नाही. ‘पिशवी काढून टाका’ हे वाक्य अगदी सहज तोंडातून निघतं, आणि ऐकणाऱ्या बाईलाही ते सहज पटतं. दोन-तीन मुलं झाली, आता तिचं काय काम? राहिली तर कॅन्सर होईल, अशी भीती वरून घातलेली. काढली की पाळीही संपली आणि खाडाही संपला.

२०१९ साली ही गोष्ट देशभर बोलली गेली. त्या वर्षी जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक. यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. पुढं अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. शस्त्रक्रिया झालेल्या बायकांच्या वाट्याला कंबरदुखी आली, अंगाची आग आली, थकवा आला, आणि शस्त्रक्रियेसाठी घेतलेलं कर्ज आलं. ते फेडायला पुन्हा उचल, आणि पुन्हा तोच कोयता.

ज्या पिकासाठी हे सगळं घडतं तेही विसरता येणार नाही. उसाला भरपूर पाणी लागतं, आणि बीडच्या पाटोदा-आष्टी-शिरूरच्या कोरडवाहू रानात ते नाही. म्हणून माणसं पाणी असलेल्या मुलखात जाऊन दुसऱ्याचा ऊस तोडतात. इकडं बालाघाटाचा उतार पावसात धुपून बोडका होतो, तिकडं उसाची जमीन वर्षानुवर्षं पड न मिळता चोपण होते, आणि दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर बाईचं शरीर झिजतं. जमिनीला पाळी नाही, पड नाही. बाईला पाळी नको, पड नको. परिसर-स्त्रीवादाचा गाभा हाच, आणि तो मांडायला मराठीला परभाषेतून शब्द मागवावा लागत नाही.

म्हणून जुन्या शब्दांचं कौतुक करून थांबणं मला पुरेसं वाटत नाही. जुन्या शब्दांतही अन्याय आहे. वांझ हा शब्द आपण जमिनीला आणि बाईला एकाच निष्ठुरपणे लावला. क्षेत्राचा मालक आधी ठरवला आणि मग तिला आई म्हटलं. कूस उजवली म्हणताना न उजवलेल्या कुशीची अवहेलना त्यात होतीच. तेव्हा जुनं सगळं आणायचं नाही. त्यातलं जे फेऱ्याला मान देतं, विसाव्याला जागा देतं, ते निवडून घ्यायचं. खुरपणारी बाई तांदुळजा निवडते तसं.

आणि निवडलेल्या शब्दाला कागदावर जागा द्यायची. कोयत्याच्या ऐवजी दोन नावं वहीत लिहिली जावीत, आणि बाईच्या मजुरीचे पैसे बाईच्या खात्यावर पडावेत. पाळीच्या दिवसांना खाडा धरू नये, हा करारातला नियम व्हावा. जो मुलूख नागपंचमीला विळीला सुट्टी देतो त्याला हे अवघड नाही. फडावर पाणी, आडोसा आणि दवाखाना असावा, म्हणजे दुखण्याला काढून टाकण्याखेरीज दुसरं उत्तर मिळेल. आरोग्यसेविकेनं, डॉक्टरांनी बाईशी बोलताना तिचं शरीर तिला वस्तू वाटणार नाही असे शब्द वापरावेत. सातबाऱ्याच्या क्षेत्रावर तिचं नाव लागावं. आणि मराठी कोशकारांनी ‘कोयता’ या शब्दाखाली अवजाराच्या अर्थानंतर दुसरा अर्थ नोंदवावा: ऊसतोडीच्या कराराचं एकक धरलेले नवरा-बायको. तो अर्थ आज लाखो माणसांच्या तोंडात आहे. ज्या दिवशी त्याच्यापुढं ‘जुना प्रयोग’ अशी खूण करता येईल, त्या दिवसासाठी काम करायला हवं.